मध्येच बंद पडणारा संगणक : फॉरमॅट मारण्यापूर्वी करायचा तपास

संगणक चालता चालता अचानक बंद पडतो, पुन्हा सुरू केला की तास-दोन तास नीट चालतो आणि ऐन बिलाच्या किंवा जीएसटीच्या घाईत पुन्हा तोच प्रकार होतो, ही कोल्हापुरातल्या दुकानांतून आणि कारखान्यांच्या ऑफिसांतून सतत ऐकू येणारी तक्रार आहे. "मधनंच बंद पडतंय बघा" एवढेच सांगून यंत्र दुरुस्तीला दिले जाते आणि बहुतेक वेळा त्यावर आधीच एकदा विंडोज नव्याने टाकून झालेले असते. फॉरमॅट मारल्यावर चार दिवस बरे चालले, असेही ग्राहक आवर्जून सांगतात. त्यात खोटे काही नसते. नव्या विंडोजवर सुरुवातीला प्रोग्रॅम कमी असतात, भार कमी पडतो आणि दोष तेवढ्यापुरता दबून राहतो. परंतु विंडोज नव्याने टाकूनही जो दोष परत येतो तो हार्डवेअरचा आहे असे धरून तपासाला लागावे, आणि त्या तपासाची सुरुवात सुटे भाग बदलण्यापासून न करता यंत्र नेमके कसे आणि केव्हा बंद पडते याच्या नोंदीपासून करावी. वहीचे एक पान त्यासाठी पुरते.

बंद पडण्याच्या तऱ्हा

भिंतीवरचे बटण कोणी बंद करावे तसा पडदा, पंखे आणि दिवे एकदम विझले, निळा पडदा (गंभीर चूक झाल्यावर विंडोज दाखवते तो) दिसलाच नाही, तर संशय प्रथम वीजपुरवठा, एसएमपीएस (कॅबिनेटमधला, संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि उष्णता यांच्यावर घ्यावा. त्यातही एक बारीक फरक उपयोगी पडतो. यंत्र विझून लगेच आपोआप सुरू होत असेल, तर पुरवठा क्षणभर तुटला असण्याची शक्यता अधिक असते. उलट ते पूर्ण मेल्यासारखे पडून राहिले आणि पुढचे बटण दाबूनही उठले नाही, पण मागची वायर काढून अर्ध्या मिनिटाने लावताच उठले, तर एसएमपीएसने स्वतःच्या संरक्षणासाठी कुलूप लावून घेतले होते असे समजावे. जादा प्रवाह किंवा शॉर्ट जाणवल्यावर एसएमपीएस असे करतो आणि पुरवठा पूर्ण काढल्याशिवाय ते कुलूप बहुधा उघडत नाही.

चित्र जागच्या जागी गोठले आणि स्पीकरमधून एकच घरघर येत राहिली, तर रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा प्रोसेसरकडे पाहावे. माऊस हलतो पण कोणतीच फाइल उघडत नाही आणि हार्ड डिस्कचा दिवा सलग पेटून राहतो, तेव्हा डिस्क. पडदा काळा झाला पण पंखे फिरत आहेत आणि गाणे चालूच आहे, तर ग्राफिक्स कार्ड, आणि त्याआधी मॉनिटरची केबल. निळा पडदा येतो आणि दर वेळी त्यावरचा मजकूर वेगळा असतो, हे रॅमचे खास लक्षण आहे. दर वेळी एकच मजकूर आणि एकाच ड्रायव्हर फाइलचे (एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे) नाव येत असेल, तर आधी तो ड्रायव्हर बदलून पाहावा.

निळा पडदा वाचायला मिळत नाही कारण यंत्र लगेच रीस्टार्ट होते. त्यासाठी सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या ॲडव्हान्स्ड पानावर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकावी आणि पुढच्या वेळी मोबाइलवर फोटो घ्यावा.

विंडोजने ठेवलेली नोंद

स्टार्ट मेन्यूत 'रिलायबिलिटी' असे टाइप केले की दिवसवार लाल फुल्या असलेला तक्ता उघडतो. तेवढ्याने भागत नसेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टीम लॉग पाहावा. तेथे 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद हमखास सापडते आणि ती पाहून "पॉवर सप्लाय गेला" असा निकाल देण्याची घाई पुष्कळ जण करतात. या नोंदीचा अर्थ मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद झाले नव्हते एवढाच आहे, आणि ती पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना लिहिली जाते. बंद पडण्याची खरी वेळ '६००८' या क्रमांकाच्या नोंदीच्या मजकुरात मिळते. त्यातही काही मिनिटांचा फरक धरावा.

४१ ची नोंद उघडून 'डिटेल्स'मध्ये गेल्यावर 'बगचेक कोड' नावाची एक ओळ दिसते. तेथे शून्य असेल, तर विंडोजला काही लिहून ठेवायला सवडच मिळाली नाही, म्हणजे पुरवठा तुटला किंवा यंत्र पूर्ण गोठले. आकडा असेल तर तो दशमान पद्धतीत असतो, निळ्या पडद्यावरचा कोड मात्र षोडशमान पद्धतीत, त्यामुळे दोन्हींचा मेळ लागत नाही असे वाटते. २९२ म्हणजे पडद्यावरचा १२४, अर्थात प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा त्यांच्या विजेशी संबंधित हार्डवेअरची चूक; २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट; १२२ म्हणजे ७ए, डिस्कवरून माहिती वाचता आली नाही; २७८ म्हणजे ११६, ग्राफिक्स. त्याच ठिकाणी पॉवर बटणाच्या वेळेची ओळ असते. तिथे शून्याऐवजी मोठा आकडा असेल, तर कोणीतरी बटण दाबून धरून यंत्र बंद केले होते. ऑफिसातल्या एखाद्या 'आपोआप' बंद पडणाऱ्या संगणकाचे कोडे या एका ओळीत सुटते.

या वेळा वहीत उतरवून काढण्याचा उपयोग किती होतो याचे एक उदाहरण देतो. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसातला ड्रॉइंगचा संगणक मधूनच विझत असे. एसएमपीएस नवा बसवून झाला होता, रॅम बदलून झाली होती. ६००८ च्या नोंदी एकाखाली एक लिहिल्यावर दिसले की त्या सगळ्या सकाळी काम सुरू होण्याच्या सुमारास आणि जेवणाच्या सुट्टीनंतर लगेचच्या आहेत, आणि आठवडी सुट्टीच्या दिवशी मालक स्वतः बिले करायला बसत असूनही त्या दिवसाची एकही नोंद नाही. ऑफिसच्या प्लगला ज्या फेजवरून वीज येत होती, त्याच फेजवर शेजारचा मोठा कॉम्प्रेसर होता. इंडक्शन मोटर थेट सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, त्या क्षणी व्होल्टेज खाली बसते आणि संगणक विझतो. वायरमनने ऑफिसची लाइन दुसऱ्या फेजवर घेतली, जुना यूपीएस बदलला आणि तक्रार थांबली. संगणकात बिघाड नव्हताच.

वीज, इन्व्हर्टर आणि अर्थिंग

म्हणूनच आपल्याकडे तपास कॅबिनेट न उघडता भिंतीपासून सुरू करावा असे माझे मत आहे. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, इचलकरंजीतले माग या सगळ्या परिसरात मोटारी, वेल्डिंग आणि भट्ट्या एकाच जाळ्यावर चालतात. ग्रामीण भागात शेतीपंपांचा भार असतो. मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रल यांच्यातले व्होल्टेज दिवसातून निरनिराळ्या वेळी मोजावे. २३० च्या आसपास, म्हणजे साधारण २०७ ते २५३ या मर्यादेत, ते राहायला हवे. मोजताना हाताला सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्यावे.

पुष्कळ घरांत संगणक घरगुती इन्व्हर्टरवर असतो आणि लाईट गेली की तो क्षणभर विझून पुन्हा सुरू होतो. येथे हिशेब मिलिसेकंदांचा आहे. वीज तुटल्यावर चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर अंदाजे १६ मिलिसेकंद तग धरतो. पन्नास हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते. संगणकाचा यूपीएस सहसा दहा मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो, पण पंखे आणि दिव्यांसाठीचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याहून जास्त वेळ घेतो. बहुतेक इन्व्हर्टरांवर 'यूपीएस मोड'चे एक छोटे बटण असते. ते त्या बाजूला केले की अदलाबदल जलद होते आणि अनेक घरांत प्रश्न तेथेच मिटतो. त्या मोडमध्ये व्होल्टेज थोडे कमी-जास्त झाले तरी इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो, त्यामुळे जिथे व्होल्टेज नेहमीच कमी असते तिथे बॅटरी अधिक वापरली जाईल हे लक्षात ठेवावे. यूपीएस असूनही यंत्र विझत असेल, तर यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपलेली असते. यूपीएस संगणकासह चालू असताना, महत्त्वाचे काम सेव्ह करून, भिंतीवरचे बटण बंद करून पाहणे ही त्याची साधी परीक्षा आहे.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार लोक सवयीची म्हणून सोडून देतात. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलेले असेल तर पत्र्यावर मुख्य विजेच्या जवळपास निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या सुमाराचे व्होल्टेज तरंगत राहते. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी अल्प असतो, परंतु प्रिंटर किंवा मॉनिटरची केबल लावताना तोच पोर्टमधून वाट काढतो आणि यंत्र गोठते, क्वचित पोर्टही जळतो. झिणझिण्यांपेक्षा जोराचा झटका बसत असेल, तर ते प्रकरण फिल्टरचे नाही. यंत्र त्वरित बंद करून वायरिंग तपासून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल, किंवा फेज आणि अर्थ यांच्यातले माप फेज-न्यूट्रलपेक्षा बरेच कमी किंवा हलते असेल, तर अर्थिंग नावापुरतेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत खड्डा कोरडा पडतो आणि चांगले अर्थिंगही निकामी होते. तेव्हा खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत सोडू नये. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवण्याचे प्रकार अजून दिसतात, त्यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

तपासाची एक साधी युक्ती अशी की तेच यंत्र दुसऱ्या गल्लीतल्या घरी, वेगळ्या मीटरवर, तेवढेच काम देऊन चालवावे. दुरुस्तीच्या दुकानात आठवडाभर न विझणारा आणि घरी आणताच विझणारा संगणक बहुधा निरोगी असतो.

एसएमपीएस

भिंतीची बाजू निर्दोष ठरली की पहिला संशय कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर. त्यावर ४५० वॉट छापलेले असते, पण लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. तेथे १६ असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या वाट्याला प्रत्यक्षात १९२ वॉटच येतात. बोर्डाच्या स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डाला ७५ वॉट मिळू शकतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. यावरून हिशेब करता येतो. गेम किंवा रेंडरिंग सुरू होताच यंत्र विझत असेल आणि टॅली-एक्सेलवर कधीच विझत नसेल, तर हा हिशेब प्रथम करावा.

हिरवी आणि काळी वायर तारेने जोडून पंखा फिरतो का हे पाहण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. तिच्यातून एसएमपीएस सुरू होतो एवढेच कळते, भार पेलतो की नाही ते कळत नाही. यंत्र चालू असताना, काम जोरात चालू असताना, चार पिनांच्या मोकळ्या जोडणीत पिवळी-काळी मोजावी : ११.४ ते १२.६ व्होल्ट. लाल-काळी : ४.७५ ते ५.२५. मापे बरोबर आली म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण विजेतली बारीक थरथर साध्या मीटरवर दिसत नाही. मात्र मापे चुकली तर तो नक्कीच दोषी. ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस काही दिवसांसाठी आणून लावणे हीच खात्रीची परीक्षा. एसएमपीएस उघडण्याच्या फंदात पडू नये, वायर काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक साठा राहू शकतो.

धूळ, उष्णता, ओल

फाउंड्रीच्या परिसरातली धूळ घरातल्या धुळीसारखी नसते. तीत वाळूबरोबर लोखंडाचा कीस असतो आणि तो वीज वाहून नेतो. कोरडी धूळ केवळ हवा अडवते, परंतु जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तीच ओलावा धरते आणि बोर्डावर नको तिथे वाटा तयार करते. उन्हाळ्यात विझणारे यंत्र आणि पावसाळ्यात विझणारे यंत्र यांचे कारण एकच कॅबिनेट उघडल्यावर सापडू शकते.

हार्डवेअर इन्फो दाखवणारा एखादा विनामूल्य प्रोग्रॅम चालवून प्रोसेसरचे तापमान पाहावे. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. नवे प्रोसेसर त्याआधी स्वतःचा वेग कमी करतात, त्यामुळे नवे यंत्र गरम होऊन थेट विझत असेल तर हीटसिंक जागेवर नीट बसलेला नाही असेच समजावे. इंटेलबरोबर येणाऱ्या कूलरच्या चार प्लॅस्टिक खिळ्यांपैकी एक वर आलेला असणे हा नेहमीचा प्रकार आहे. बोर्ड हातात घेऊन मागून पाहिल्यास चारही काळ्या खिळ्यांनी पांढरी पाकळी पूर्ण उघडलेली दिसली पाहिजे. खिळा सैल निघाला तर जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी घालावी.

उद्यमनगरात धूळ काढायला वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची नळी सर्रास लावतात. त्या हवेबरोबर टाकीतले पाणी आणि तेल येते, त्यामुळे टाकी आधी रिकामी करावी, नळीतून पहिली हवा बाहेर सोडावी आणि दाब कमी ठेवावा. साधा हातातला ब्लोअर केव्हाही बरा. पंख्याची पाती बोटाने धरूनच हवा मारावी. मोकळा पंखा जोरात फिरला की त्याचे बेअरिंग खराब होते आणि तो उलट वीज निर्माण करतो.

रॅम आणि बाकीचे

पावसाळ्यात चार दिवस बंद राहिलेले यंत्र बीप देते आणि पडदा उजळत नाही, तेव्हा रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. खोडरबर चालते, पण घासून घासून मुलामा उडतो आणि भुकटी स्लॉटमध्ये अडकते. त्यानंतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवावे. एकही चूक निघाली तरी दोष आहे असे धरावे. चूक निघाल्यास एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून आणि एकेकच पट्टी लावून पुन्हा चाचणी घ्यावी, म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा ते वेगळे होते. विंडोजच्या स्वतःच्या मेमरी चाचणीतून दोष सुटतो असा अनुभव आहे, त्यामुळे तिच्यावर थांबू नये.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम, तो डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद दाखवतो. हार्ड डिस्कचे ०५, सी५ आणि सी६ हे (खराब जागा मोजणारे) आकडे शून्याच्या वर चढू लागले तर प्रथम डेटा दुसरीकडे घ्यावा आणि दुरुस्तीचे प्रयोग मग करावेत, कारण मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्रॅम) चालवल्याने ती लवकर मरते. सी७ चा (केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर डिस्क बोर्डाला जोडणारी शंभर-दीडशे रुपयांची साटा केबल बदलावी. आधीचा आकडा मागे येत नाही, तो पुढे वाढतो का एवढेच पाहावे.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि गेम सुरू होताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येत असेल, तर इतर काही करण्याआधी बायोस (बोर्डात बसवलेला, यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) अद्ययावत करावे. या प्रोसेसरांना जादा व्होल्टेज मिळून ते खराब होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली हानी मायक्रोकोडने भरून येत नाही. अशा वेळी वॉरंटीचा दावाच करावा. बायोस बदलताना यंत्र यूपीएसवर असल्याची खात्री करून घ्यावी. सुरुवातीच्या रायझन प्रोसेसरांचा प्रकार उलटा आहे : यंत्र काम करताना ठीक आणि रिकामे बसले की गोठते. बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हे 'टिपिकल' वर ठेवल्यास बहुधा थांबते.

शेवटी राहिलेली एक क्षुल्लक, पण फसवी गोष्ट म्हणजे कॅबिनेटचे रीसेट बटण. ते आत अडकून अधूनमधून टेकत असेल तर यंत्र कोणत्याही कारणाशिवाय रीस्टार्ट होते. बोर्डावरून त्याची दोन पिनांची वायर काढून ठेवली तरी काही अडत नाही. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले दिसले तर मात्र बोर्डाचा काळ आला. जुन्या यंत्राला नवे कपॅसिटर टाकून मिळतात, नव्या बोर्डावर त्याचा खटाटोप परवडत नाही.

भाग बदलताना एका वेळी एकच बदलावा आणि लगेच "झाले बरे" म्हणू नये. आजवर दोन बंद पडण्यांत सर्वांत मोठे अंतर जेवढे गेले असेल, त्याच्या किमान तिप्पट काळ नेहमीच्या कामावर, नेहमीच्या जागी यंत्र चालवून पाहावे. आठवड्यातून एकदा विझणारे यंत्र तीन आठवडे न विझता चाललेले पाहूनच दोष गेला असे धरावे आणि तोपर्यंत काढलेला जुना भाग टाकून देऊ नये.